तिकिटावरचे पाव्हणे

बिराप्पा धनगरानं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि तिथंच त्याचा घात झाला. महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. नळदुर्गात किल्ल्याजवळच्या मैदानावर तीन दिवसांचं प्रदर्शन भरणार होतं. बी-बियाणं, पाण्याचे पंप, हातमागाची लुगडी, सगळं. त्याचा ठेका महांतप्पानं घेतला होता. तो बिराप्पाचा वाडा हुडकत रानात आला. वाडा म्हणजे काय, शेतात बसवलेली साठ मेंढरं, दोन-चार शेळ्या, त्यांच्याभोवती वाघरीचं जाळं, तीन दगडांची चूल आणि एक पाल.

"मामा, हा वाडा उचला आणि जसाच्या तसा प्रदर्शनात मांडा. मोठमोठी माणसं येणार. मेंढरांचा चारा-पाणी माझ्याकडं."

बिराप्पानं ऐकलं ते एवढंच, की मोठमोठी माणसं आपल्याकडं पाव्हणी येणार. त्याची बायको नागूबाई म्हणाली, "अवो, वाडा काय मांडायची चीज हाय व्हय?" पण हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. वर त्यानं आणखी एक शहाणपण केलं. अणदूरकडच्या सोमलिंगानं आपल्या पोरासाठी अयोध्येला बघायला येतो म्हणून निरोप धाडला होता. बिराप्पानं उलटा सांगावा दिला, नळदुर्गालाच या, तुमाला जवळ पडंल.

अयोध्या त्यांची एकुलती एक. तिची दोन स्थळं हातची गेली होती. सोमलिंगाचं घर चांगलं. मेंढरं रग्गड, माणसं सरळ, आणि सासूचं तोंड लहान. त्यात अयोध्येनं तो पोरगा जत्रेत एकदा बघितला होता. ती काही बोलली नव्हती, पण त्या दिवसापासून तिची भाकरी रोज करपत होती. आईला आणखी काय सांगावं लागतं?

वाड्यावर आलेला माणूस कोरड्या तोंडानं जाऊ द्यायचा नाही, ही बिराप्पाच्या घरची रीत. मुलगी बघायला आलेल्याला घोंगड्यावर बसवून दुधाचा पेला द्यायचा. पाव्हणा प्यायला की सोयरीक पक्की. पेला न पिता खाली ठेवला की मोडली. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी सकाळपासून माणसांची रीघ लागली. बिराप्पा हरखून गेला. येईल त्याला रामराम घालून त्यानं घोंगडं अंथरलं आणि शेळीच्या दुधाचा पेला पुढं केला. लोक मात्र बसले नाहीत. ते दोरीपलीकडं उभं राहून बघत होते. एका बाईनं दोरीखालून हात घालून नागूबाईच्या दंडातली वाकी ओढून पाहिली, खरी चांदी आहे का म्हणून. एका शहाण्यानं काठीनं भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं उचललं. "ही माणसं आंघोळ करतात का हो?" असं कुणी तरी विचारलं, आणि तेही नागूबाईला नाही, शेजारच्याला. बैलाच्या बाजारात बैलाला कोण विचारतो? नागूबाईला शिसारी आली. तिनं पदर तोंडावर ओढला, तर महांतप्पा धावत आला.

"मामी, पदर मागं घ्या. कपाळावरचं गोंदण दिसत न्हाय."

अयोध्येला त्यानं वेगळंच काम लावलं. डोक्यावर घागर घेऊन पालापासून दोरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. घागर रिकामी. पाणी भरायचं नाही, सांडायचं नाही, नुसतं चालायचं. दिवसभर ती पोर कोरडी घागर वाहत होती आणि माणसं तिची चाल बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागूबाई खरोखरीचं पाणी आणायला निघाली. वाड्याच्या दारावर जैनोद्दीन नावाचा म्हातारा बसला होता. त्याच्या हातात रंगीत चिठ्ठ्यांची चळत होती. येणाऱ्याला तो एकेक फाडून देत होता.

"भाई, ह्ये काय वाटताव?"

जैनोद्दीननं मान खाली घातली. "तिकीट हाय, आक्का."

"परदर्शनाचं?"

"परदर्शन फुकट हाय. तिकीट तुमच्या एकट्या पालाचं." त्यानं वरच्या पाटीकडं बोट केलं. "लिवलंय, जितं-जागतं धनगर कुटुंब. दूध काढताना, भाकर थापताना, पाव्हण्याला दूध देताना बघा. म्या पोटासाठी बसलोय, आक्का. मलाबी शरम वाटती."

दोन दिवस आपण ज्यांना पाव्हणे म्हणून नमस्कार घातले, ती गिऱ्हाइकं होती! तिनं तसंच परत येऊन नवऱ्याला सांगितलं. बिराप्पाच्या हातातला पेला हातातच राहिला. बराच वेळ तो पाटीच्या दिशेनं बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

"उठा," नागूबाई म्हणाली. "आत्ता उठा."

"सोमलिंग आज यायचा हाय गं," तो कसाबसा म्हणाला. "रानात कुठं हुडकंल त्यो आपल्याला? त्यो येऊन जाऊ दे. मग एक घटकाबी थांबणार न्हाय."

नागूबाईनं लेकीकडं पाहिलं. अयोध्या घागर घेऊन चालत होती. नागूबाई चुलीपाशी बसली. तिथंच तिचं चुकलं.

उन्हं कलली तसं दूध संपलं. गर्दी तर वाढलेली. महांतप्पा आला. "मामा, पाव्हणचाराचं लोकांना लई आवडलंय. थांबवू नका."

"दूध सरलंय."

"मग रिकामाच पेला पुढं करा की! लांबनं कुणाला दिसतंय?"

बिराप्पाला नाही म्हणायचं होतं. पण सवय नव्हती. त्यानं पेला उचलला, मान वर न करता, आणि दोरीपाशी आलेल्या पहिल्या माणसापुढं धरला.

समोर सोमलिंग उभा होता.

डोईला नवा पटका, खांद्यावर घडीचं घोंगडं. पोरगी बघायला निघालेला माणूस जसा निघतो तसा तो आला होता. त्यानं पेल्यात वाकून पाहिलं. मग घागर घेऊन पालाकडं चाललेल्या अयोध्येकडं पाहिलं. मग आजूबाजूला तिलाच बघणाऱ्या माणसांकडं. पटक्यात खोवलेलं तिकीट काढून त्यानं हळूच त्या रिकाम्या पेल्यात टाकलं.

"पोरगी चांगली हाय, बिराप्पा," तो म्हणाला. "पर समद्यांसंगट पैकं देऊन बघिटली. अशी सून मला घरात न्हेता येत न्हाय."

त्यानं पेला बिराप्पाच्या हातातून घेऊन खाली ठेवला आणि निघून गेला. बिराप्पा मटकन बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. दोरीपलीकडं कुणी तरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवल्या.

महांतप्पा धापा टाकत घोंगड्यावर येऊन उभा राहिला. "वा, मामा! हे आधी का न्हाय सांगितलं? उद्या मोठे पाव्हणे येणार, त्यांच्यापुढं हे असंच परत करायचं."

नागूबाईला त्याची किळस आली, त्या टाळ्यांची आली, आणि दोन दिवस तिथं भाकरी थापत बसलेल्या स्वतःचीही आली.

"घोंगड्यावरनं पाय काढ," ती म्हणाली.

"आं?"

"पाय काढ म्हन्ते न्हवं!"

तो मागं सरला. तिनं घोंगडं उचललं, झटकलं, नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं. वाघरीचे खुंटे उपटले. साठ मेंढरं दोरी तुडवत सुटली, तशी लुगडी सावरत, जोडे टाकत बघणारे पळाले. महांतप्पा कराराचं ओरडत होता. दारावर जैनोद्दीननं चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि बांबूचं फाटक सताड उघडलं.

किल्ला मागं पडला. बिराप्पा खाली बघत पुढं चालला होता. अयोध्येच्या डोक्यावर अजून ती घागर होती. दिवसभरात शेकड्यांनी तिला पाहिलं. त्यातला आपल्याला बघायला आलेला माणूस कोणता, हे त्या पोरीला कळायचं तरी कसं?

"आये," तिनं हळूच विचारलं, "पाव्हणं आलं हुतं?"

"आलं हुतं."

अयोध्येनं डोक्यावरची घागर सावरली.

"मग दूध प्यालं का?"

नागूबाईनं मेंढरांना हाळी घातली, आणि त्यांच्यामागं भरभर चालू लागली.