माशीचा चष्मा

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना आर्लीटा स्ट्रूपने झाडूचा दांडा नेला होता. दांडा तिच्या बंदुकीइतका लांब कापलेला आणि टोकाला एक खिळा ठोकलेला. दवाखान्यात बंदूक नेली तर पोलीस येतील, एवढं तिला कळत होतं. तिने दांडा खांद्याला लावला, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "मला हा खिळा लख्ख दिसला पाहिजे. बाकीच्या जगाचं काय व्हायचं ते होऊ दे."

डॉक्टर पोरसवदा होता. तो आधी दाराकडे सरकला आणि मग निमूटपणे मापं घेऊ लागला.

बाईचंही चुकत नव्हतं. ठासणीच्या बंदुकीने एल्क, म्हणजे थोरलं रानटी हरीण, मारायच्या हंगामाचा परवाना तिला सात वर्षं अर्ज केल्यावर मिळाला होता. वय एकाहत्तर. पुढचा परवाना मिळेपर्यंत अठ्ठ्याहत्तर, म्हणजे शिकार याच सप्टेंबरात, नाहीतर कधीच नाही. आणि या हंगामात बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. नळीवर मागे लोखंडी खाच, टोकाला नेमाचा बारीक खिळा, म्हणजे माशी, आणि नेम देवाने दिलेल्या डोळ्याने धरायचा. तिच्या डोळ्यांना आता माशीच्या जागी नुसता धुरकट ठिपका दिसे. उभ्या आयुष्यात तिने एकही जनावर जखमी करून सोडलं नव्हतं. म्हातारपणी ते पाप लावून घेण्यापेक्षा परवाना चुलीत घातलेला बरा, असं तिचं मत होतं.

चष्मा आला. त्यातून माशी इतकी लख्ख दिसे की तिच्यावरचा ओरखडेसुद्धा मोजावेत. फक्त पलीकडची शेजाऱ्याची गाय सोफ्यासारखी दिसे.

हंगामाच्या दोन दिवस आधी धाकटा भाऊ ड्वेन शेजारच्या राज्यातून गाडी हाकत आला. उतरल्या उतरल्या त्याने नवी कोरी बंदूक काढली. "तुझ्यासाठी आणलीय, आर्ली! ही बघ वर दुर्बीण. आता माशी गेली खड्ड्यात."

आर्लीटाला गहिवरून आलं. म्हणून तिने लगेच नियमांचं पुस्तक उघडलं.

"दुर्बीण चालत नाही."

"आमच्याकडे चालते!"

"तुमच्याकडे काय, काहीही चालतं. ही काय, बंदुकीच्या दारूच्या तयार गोळ्या? इथे सुटी दारू लागते, मापाने ओतायची. आणि या शिशाच्या गोळीला प्लॅस्टिकचं झबलं कशाला? तेही चालत नाही."

"मग चालतं तरी काय?" ड्वेन वैतागला.

"तू चालतोस. पुस्तकात तुझ्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही."

"आणि तुझा तो चष्मा? ती लबाडी नाही?"

"कायदा बंदुकीला आहे, नाकाला नाही. शिकार खात्याच्या माणसाला फोन करून विचारलंय मी. हसला मेला, पण हो म्हणाला."

तेव्हा नवी बंदूक गाडीतच राहिली आणि ड्वेन गळ्यात हातातली दुर्बीण अडकवून निघाला. त्या दुर्बिणीला कायद्याची हरकत नव्हती. हरकत होती ती आर्लीटाच्या मनात. ती चौदा वर्षांची असताना या अकरा वर्षांच्या कारट्याने भल्या पहाटे तिच्या कानात कुजबुजून सांगितलं होतं, "हरीण! मार!" आणि तिने एका तुटक्या बुंध्यावर बार काढला होता. सत्तावन्न वर्षं झाली, तरी नाताळच्या जेवणाला कोणीतरी विचारतंच, "काय आर्ली, बुंधा शिजला का?"

चौथ्या दिवशी सकाळी पिवळ्या पडलेल्या अ‍ॅस्पेनच्या झाडीतून एल्कने शीळ घातली. दोघंही नारिंगी जाकिटात एका पडलेल्या झाडामागे बसली. आर्लीटाने चष्मा चढवला, बंदूक टेकवली. माशी लख्ख. माशीपलीकडे एक तपकिरी ढग झाडीतून बाहेर आला.

"नर आहे?" ती पुटपुटली.

"नर. पन्नास पावलं."

"टोकं मोज." परवान्यावर स्पष्ट लिहिलं होतं, एका शिंगाला निदान चार टोकं हवीत.

"एक. दोन. तीन..." ड्वेन थांबला. "फांदी आड येतेय."

आर्लीटाला वाटलं, चष्मा काढून आपणच बघावं. पण काढला की माशी जाणार, आणि हात हलला की तो ढगही जाणार. सात वर्षं या थट्टेखोर माणसाच्या जिभेवर येऊन बसली होती.

"चार. पाच. आर्ली, पाच आहेत."

"शपथ?"

"आईच्या थडग्याची शपथ."

"खांदा कुठाय?"

"डावीकडे तोंड आहे. गडद दिसतंय ती मान. गडद संपून फिकट सुरू होतं ना, तिथे. जरा खाली."

गडद आणि फिकट तिला दिसत होतं. मधली रेघ तिने माशीवर बसवली, श्वास सोडला आणि चाप ओढला.

ठासणीच्या बंदुकीचा धूर तो, त्याने सगळं जंगल पांढरं करून टाकलं.

"पडला का?"

ड्वेन दुर्बीण डोळ्यांना लावून धुरात बघत राहिला.

"ड्वेन! पडला का?"

"आर्ली," तो म्हणाला, "बुंधा होता गं."

तिने चष्मा ओढून काढला. धूर हळूहळू खाली बसत होता. समोर गवतात नर एल्क आडवा पडला होता, जागच्या जागी, एका बारात. वर आलेलं शिंग तिने स्वतः मोजलं. पाच.

बंदूक ठासायच्या गजाने त्याला बडवायलाच ती वळली. ड्वेनने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नव्हती. दुर्बिणीखालून गालांवर पाणी ओघळत होतं.

"मेल्या," ती म्हणाली. पडलेल्या जनावराजवळ जाण्याआधी बंदूक पुन्हा भरायची, हा वडिलांचा दंडक. तिने दारू मापली, नळीत ओतली, गोळी ठासली. मग त्याच्याकडे न बघताच तिने विचारलं.

"पुढचा परवाना सात वर्षांनी. मी अठ्ठ्याहत्तर, तू पंच्याहत्तर. येशील?"

"दुर्बीण आणू?"

"हातातली."