आईचा फ्लेक्स

मिरजगावात माणूस जन्मला, पास झाला, पुढाऱ्याच्या मागे मोटारसायकलवर बसला किंवा मेला, तरी त्याचा फ्लेक्स लागतो. हमरस्त्यावरच्या श्रीमंत पेंटरच्या दुकानात हे सगळे फ्लेक्स मोनिका करायची. काळ्याला गोरं करणं, टकल्याला केस आणणं, भावाभावांत बिनसलं की एकाला फोटोतून गायब करणं हा तिच्या हातचा मळ होता. जन्मात ज्यांनी सदऱ्याची बटणं नीट लावली नाहीत असे म्हातारे तिच्या कृपेनं कोट-टाय घालून स्वतःच्या श्रद्धांजलीला उभे राहिले होते. एवढ्या लोकांच्या आया तिनं फ्लेक्सवर बसवल्या, पण स्वतःच्या आईचं तिला काही करता येत नव्हतं. आईचा फोटोच नव्हता.

आई, रंगुबाई, गेली तेव्हा मोनिका नऊ वर्षांची होती आणि धाकटा कल्याण दोनाचा. ऊसतोडीच्या टोळीबरोबर ती कोल्हापूरकडं गेली होती, तिथं तापानं फणफणली आणि फडाशेजारच्या कोपीत, उसाच्या पाल्याच्या खोपटातच संपली. अग्नीही तिथंच दिला. मोनिका तिच्यासोबत होती, कल्याण तेव्हा गावी आत्याकडं होता. मोबाईल कुणाकडं नव्हते, लग्नात फोटोवाला परवडला नव्हता. मतदानाच्या कार्डावर तेवढी ती होती, पण त्यात एक कान, पदराची कड आणि मधे काळा डाग. कल्याण लहानपणी तो डाग नखानं खरवडून बघायचा. खाली कुठंतरी आई असेल असं त्याला वाटायचं.

आता त्याचं लग्न ठरलं होतं. तो सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होता, मुलगी राहुरीकडची. मांडवाच्या दारात मोठा फ्लेक्स लागणार, मधोमध नवरा-नवरी, खाली रांगेनं मामा-काका, आणि वरच्या कोपऱ्यात घरातली गेलेली माणसं, आशीर्वाद द्यायला. नवरीकडच्यांनी पार पणजोबांपर्यंतचे फोटो पाठवून दिले. इकडचा कोपरा मोकळा. कल्याण बहिणीच्या सासरी आला, म्हणजे गल्लीच ओलांडून आला, आणि चहा पिता पिता म्हणाला, "ताई, तू आईला बघितलंय. तू काढ ना तिला. नुसत्या नावाच्या पाया किती दिस पडू?"

काढ ना म्हणायला काय जातं. मोनिका रोज कॉम्प्युटरवर बसत होती हे खरं, पण दुसऱ्याचे फोटो कापून चिकटवणं वेगळं आणि कोऱ्या पडद्यावर माणूस उभं करणं वेगळं. आधी तिनं माऊसनं प्रयत्न केला. माऊसनं चेहरा काढणं म्हणजे साबणाच्या वडीनं रांगोळी घालणं. गाल काढायला गेली की कणगी होत होती. मग ज्यानं फोटोची कड कापतात त्या ठिपके-जोड रेषांनी करून पाहिलं. रेषा गुळगुळीत आल्या, बाई मात्र साडीच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी. कागदावर पेन्सिलीनं काढून मोबाईलनं फोटो मारला, त्यावर रंग भरले, तरी गणपती करता मारुतीच झाला. शेवटी कल्याणनं नगरच्या एका मित्राची वापरलेली पेनची पाटी आणून दिली. टेबलावर काळी सपाट पाटी, तिच्यावर प्लॅस्टिकचं पेन चालवायचं आणि रेघ उमटणार समोरच्या पडद्यावर. पेन दाबलं की रेघ जाड, उचललं की बारीक. हाताकडं बघायचंच नाही.

सुरुवातीला तिला ते जमेना. हात एकीकडं, डोळे भलतीकडं. मग एका दुपारी, श्रीमंत पेंटर जेवायला गेला होता आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा ती मुद्दाम काही काढायचं न ठरवता रेघा ओढत बसली. कोपीतली सकाळ तिला आठवत होती. चुलीत उसाचं पाचट, धूर, आणि भाकरी थापता थापता आई मागं वळून बघते ती. धुरानं डावा डोळा जरा बारीक झालेला. गाल बसलेले. वरचा एक दात पुढं, त्यामुळं ओठ कधी पुरते मिटायचे नाहीत. गप्प असली तरी आता काही बोलेल असं वाटायचं. मोनिका तो ओठ करत होती आणि करता करता थांबली. पडद्यावरून आई तिच्याकडं बघत होती.

तिला हुंदका आला. एवढ्या वर्षांत तिला आई आठवली होती, पण भेटली नव्हती. तिनं पुढं एकही रेघ मारली नाही, फाईल सेव्ह केली आणि माहेरी निरोप धाडला की येऊन बघा.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले, म्हणजे तिचे वडील गहिनीनाथ, आणि त्यांची थोरली बहीण बनुबाई, जिनं आईमागं दोन्ही पोरं वाढवली. दुकानात कॉम्प्युटरशेजारी एक स्टूल होतं. गिऱ्हाईकानं त्यावर बसायचं आणि सांगायचं, हे मोठं करा, ते लाल करा, साडूचा फोटो मागं घ्या. मोनिकानं ते तिथल्या तिथं करायचं. मिरजगावची रीतच ती. आत्या स्टुलावर बसली, आण्णा मागं उभे राहिले. मोनिकानं चित्र उघडलं.

आण्णांनी बघितलं. घशातल्या घशात हं केलं आणि दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. ज्या माणसानं आईशी संसार केला त्याला ओळख पटली नाही म्हणजे आपलंच चुकलं, असं मोनिका धरून चालली.

"ही कोन?" आत्या म्हणाली. "रंगू अशी हुती व्हय? पार उपाशी दिसती. आन दात कशाला दावती लोकांला? झाक त्यो."

मोनिका म्हणाली की मला अशीच आठवते. आत्या हसली. वाईट बाई नव्हती ती, प्रेमानंच हसली. "नऊ वर्साच्या पोरीला काय आठवनार, बाई? ती भरल्या कपाळानं गेली. लग्नात अशी रडवी लावली तर सोयरे काय म्हनतील, जल्मभर वनवास केला हिचा."

आता इथं मोनिकानं सांगायला हवं होतं की आत्या, स्टुलावरून ऊठ. पण समोर स्टुलावर माणूस बसलं आणि बोट दाखवलं की तिचा हात चालायचाच. इतक्या वर्षांची सवय. तिनं ओठ मिटवले. गाल भरले. कुंकू ठसठशीत केलं. रंग दोन पायऱ्या उजळला. आत्यानं नथ घालायला सांगितली, नथ घातली. हिरवी साडी घातली. जुनं मशीन, एवढ्यानंच दमून अडकायला लागलं. चित्राचे भाग एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे वेगवेगळ्या लेयरवर असतात. त्यांचं ओझं झालं की ते सगळे एक करून टाकायचे हा दुकानाचा नेम होता. श्रीमंत पेंटर मूळचा भिंती रंगवणारा. भिंतीवर लेयर कसले, जुन्यावर नवा हात मारायचा की झालं, असं तो म्हणायचा आणि तसंच त्यानं तिला शिकवलं होतं. मोनिकानं लेयर एक केले आणि त्याच नावानं सेव्ह केलं. बोटांनी केलं म्हणा. तिनं मनानं नाही केलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जामखेडहून सूर्यभान मामा आला. आईचा सख्खा भाऊ, त्याला कोण नाही म्हणणार. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, आमच्या घराण्याचं नाक असं नव्हं. नाक सरळ झालं. डावा डोळा उजव्याएवढा झाला. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला, आता माझी बहीण दिसली. सोबत आलेली आत्याही खूष. ती मामाला गाडीत बसवायला गेली, आणि मोनिकानं निवांत पडद्याकडं बघितलं.

छान बाई होती. घरंदाज, भरल्या अंगाची, शांत. कॅलेंडरवर शोभली असती. मोनिकानं तिला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

तिनं कंट्रोल झेड दाबायला सुरुवात केली. एकेक पाऊल मागं. डोळा लहान झाला; मामाचं नाक गेलं, जुनं नाक आलं; तिला वाटलं, आता येईल. पण पुढं मशीन हलेना. आदल्या दिवशी फाईल बंद झाली होती आणि त्याच्या मागचं त्याला काही ठाऊक नव्हतं. मिटलेले ओठ मिटलेलेच राहिले. तिनं सगळे फोल्डर उपसले, कचऱ्याची पेटी बघितली. श्रीमंत पेंटरला विचारलं तर तो म्हणाला, एकाच नावानं सेव्ह केल्यावर जुनं कुठून राहील, भिंतीतून का निघतंय खालचं चित्र? मग तिचा चेहरा बघून त्यानं स्वतः जाऊन चहा आणला.

तिनं पुन्हा काढायला घेतलं. कोरा पडदा, तीच पाटी, तेच पेन, दुपारही तशीच. तिनं कोपी आठवली, धूर आठवला, भाकरीचा आवाजसुद्धा आठवला. आईनं मान वळवली आणि वळलेल्या तोंडावर नथ होती. मोनिकानं डोळे चोळले. पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तीच, सरळ नाकाची, चुलीच्या धुरात हिरव्या साडीत बसलेली. रोज मोनिका पाटीसमोर बसत होती आणि रोज हात त्याच बाईकडं जात होता. आई कुठं ठेवली होती ती जागा तिला ठाऊक होती, आणि त्या जागेवर आता दुसरीच कुणी येऊन बसली होती.

फ्लेक्स छापून मांडवाच्या दारात लागला. कल्याण हळदीच्या अंगानं त्याच्यासमोर उभा राहिला, हात जोडले आणि एवढा बाप्या माणूस ढसाढसा रडला. बायका पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, देवीसारखी होती हो. नवरीही वाकली. कल्याणनं ताईच्या गळ्यात पडून विचारलं, अशीच हुती ना गं? मोनिका व्हय म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नवऱ्या मुलाची आई लग्नाच्या दिवशी कोण हिरावून घेईल. पण वऱ्हाड निघेपर्यंत तिनं घास गिळला नाही.

पाहुणे पांगल्यावर तिनं आण्णांना दुकानात बोलावलं. तिनं ठरवलं होतं की आपल्याला नाही तर नाही, आण्णांना विचारून काढू. त्या दिवशी त्यांना जे चुकीचं वाटलं ते तरी ते सांगतील. आण्णा स्टुलावर अवघडून बसले, टोपी मांडीवर. मोनिकानं पेन हातात घेतलं.

"आण्णा, तुमी सांगा. मी पहिली काढली त्यात काय चुकलं हुतं?"

"काय न्हाई चुकलं," आण्णा म्हणाले. "तीच हुती. लई वर्सानी दिसली, म्हनून मला तिथं उभं राहवेना. भायेर जाऊन रडलो."

मोनिकाला वाटलं, आपण ओरडू. ती ओरडली नाही. बोलला का नाहीत, एवढंच तिनं हळूच विचारलं. आण्णा म्हणाले की बाया ठरवत होत्या, तुझं शिकलेलं काम, मला वाटलं असंच करत असतील. मग ती घाईनं म्हणाली, असू द्या, आता सांगा, तुम्ही सांगाल तसं काढते. डोळा कसा होता, ओठ कसा होता, सांगा फक्त.

आण्णांनी डोळे मिटले. बाहेर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, तिच्या मागं एसटी गेली. पेन पाटीवर टेकवून मोनिका वाट बघत राहिली. आण्णांच्या कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले, जणू कुणाला हाक मारत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भांबावलेले होते.

"नथ घालूनच येती," ते म्हणाले. "जल्मात कधी नथ न्हवती तिला, मोनिका. मला घेताच आली न्हाई. म्या तिला म्हनतो, काढ ती, तर ती बोलतच न्हाई. तोंड मिटून बसती."

मोनिकानं पेन खाली ठेवलं. आण्णा स्टुलावर तसेच बसून राहिले. दारात वाढदिवसाच्या फ्लेक्सचं गिऱ्हाईक येऊन उभं होतं आणि स्टूल कधी रिकामं होतंय याची वाट बघत होतं.