दोनशे सतरा नंबरचं गाडगं

अमरावतीतल्या एका स्मशानभूमीच्या ऑफिसात दामिनी भुयारनं डेटाबेस सर्व्हर बसवला, आणि पहिल्याच दिवशी तीनशे माणसांची प्रश्नचिन्हं करून टाकली.

चूक तिचीच. सर्व्हर बसवताना तो वीस प्रश्न विचारतो, आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर माणूस न वाचताच 'पुढे' दाबायला लागतो. त्यातला एक प्रश्न लिपीचा होता, तो चुकला. तिनं दिलेली नावं सर्व्हरनं मुकाट्यानं घेतली आणि परत मागितल्यावर पडद्यावर ओळीनं प्रश्नचिन्हं मांडली. नंबर बरोबर, तारखा बरोबर, नावाच्या जागी मात्र नुसतं ????? ??????. भिंतीपलीकडच्या खोलीत अस्थींची गाडगी लाल फडक्यात बांधून फळ्यांवर ठेवलेली होती. दामिनीला वाटलं, ती सगळी एकदम विचारताहेत, आम्ही कोण? तिनं उगाचच पंखा वाढवला.

ट्रस्टींनी कामच तसं दिलं होतं. अस्थींच्या रजिस्टरला वाळवी लागली होती. शिवाय एकसष्ट गाडगी अशी होती, की ती न्यायला वर्षानुवर्षं कोणी फिरकलंच नव्हतं. त्यांची यादी पेपरात छापायची, आणि तरीही कोणी आलं नाही तर सर्वपित्री अमावस्येला सगळ्यांचं एकत्र विसर्जन करून टाकायचं, असं ठरलं होतं. अमावस्येला बारा दिवस उरले होते. संगणक दोन होते, एक ऑफिसात आणि एक फाटकाजवळच्या पावतीच्या खिडकीत. दोन्हीकडून एकच यादी दिसायला हवी, म्हणून सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की लोकांना काचेच्या खोलीतली थंडगार कपाटं आठवतात. दामिनीचा सर्व्हर ऑफिसातल्या विंडोजच्या जुन्या डेस्कटॉपमध्येच बसला होता. त्याला ना खिडकी, ना चित्र. संगणक सुरू झाला की मागच्या मागे तोही उठायचा आणि कोणी विचारील म्हणून कान देऊन बसायचा.

तिनं तो डेटाबेस पुसला, लिपी नीट निवडून नवा केला, आणि नावं पुन्हा भरली. या वेळी अक्षरं उमटली. तक्त्याचे रकाने तिनंच ठरवले होते. रजिस्टरात नुसतं 'नंबर, नाव, गाव, ठेवलं, नेलं' असं होतं. तिनं त्यातल्या 'नाव'चं 'मृताचे नाव' केलं. स्मशानातल्या रजिस्टरात आणखी कोणाचं नाव असणार?

दोन हजार एकवीसच्या वैशाखाची पानं मात्र तिनं शेवटासाठी ठेवली होती.

त्या वैशाखात दामिनी अकोल्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती आणि तिचे बाबा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर महादेवराव, इथं अमरावतीत. बाबा गेल्याचं तिला अकरा दिवसांनी सांगितलं. धाकटा भाऊ किशोर म्हणाला, "सगळं नीट झालं ताई. अस्थी म्याच सोडल्या कौंडण्यपूरले, वर्धेत." तिनं ते मानलं. पण तेव्हापासून एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती. एकटे पडलेले असताना बाबांनी शेवटी आपली आठवण तरी काढली असेल का? आपण आलो नाही म्हणून रागावून गेले असतील का? हे सांगणारं कोणी नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी तिनं ही नोकरी धरली तेव्हा मैत्रिणींनी तिला वेड्यात काढलं. ती म्हणायची, इथं कोणी अंगावर ओरडत नाही. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. आणि अस्थींच्या खोलीत तिनं आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

खोलीची किल्ली पुंजाजींकडे असायची. तीस वर्षं तेच ती खोली सांभाळत होते, रजिस्टरही त्यांच्याच हातचं. सध्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुटीवर होते.

बुधवारी दुपारी खिडकीशी उन्हानं रापलेला एक माणूस उभा राहिला.

"रामराव टाले, चांदूर बाजारचा. माई आई जाईबाई, वीसच्या साली तिच्या अस्थी अथी ठेवल्या व्हत्या. तवा बंदी व्हती, मंग राहूनच गेलं. मनाले लागून राहिलं, बाई. आता न्याले आलो."

दामिनीनं 'जाईबाई' शोधलं. सर्व्हरनं एकही ओळ दिली नाही. मग तिनं नुसतं 'टाले' शोधलं, तर एक ओळ आली. मृताचे नाव, रामराव टाले. गाव, चांदूर बाजार.

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माणसाकडे. तो दुपट्ट्यानं मान पुसत होता.

"भेटली का?" त्यानं विचारलं.

"किल्ली नाही आज," ती कशीबशी म्हणाली. "परवा या."

तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती त्याची सावली पाहत होती. सावली होती. मग तिला स्वतःचाच राग आला. बीएस्सी कॉम्प्युटर झालेली बाई आणि सावल्या काय तपासते! रजिस्टरात काहीतरी घोळ असणार. काही नावांपुढे पेन्सिलीनं फोन नंबर लिहिलेले होते. तिनं त्यातला एक लावला. करिश्मा गावंडे, भातकुली, ठेवल्याची तारीख चार वर्षांपूर्वीची. घरचं कोणीतरी उचलेल, विचारून घेऊ, असा तिचा हिशेब.

"करिश्मा गावंडेंच्या घरचे बोलता का?"

"मी करिश्माच बोलून राहिली," पलीकडून आवाज आला. मागे कुकरची शिट्टी झाली. "कोण पायजे?"

दामिनीनं फोन ठेवला. भर दुपार, बाहेर लाकडाचा ट्रॅक्टर उभा, झाडणारी बाई कोणाशी तरी भांडतेय, सगळं रोजच्यासारखं. फक्त तिच्या यादीतली मेलेली माणसं चालत येत होती, फोन उचलत होती. आणि भिंतीपलीकडे कोणीतरी आपल्या पाठीवर नजर लावून बसलंय, असं तिला सारखं वाटत राहिलं. दोनदा तिनं वळून पाहिलं. भिंत होती, तीवर कॅलेंडर.

गुरुवारी सकाळी तिनं वैशाखाची पानं उघडली. भीती घालवायला काम बरं, म्हणून. एका पाठोपाठ एक नावं टाईप होत गेली. दोनशे पंधरा. दोनशे सोळा. दोनशे सतरा. पुंजाजींच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, दामिनी महादेवराव भुयार. ठेवलं, बारा मे. 'नेलं' कोरं.

बोटांनी सवयीनं ते टाईपही केलं. मग पडद्यावर तिनं वाचलं, मृताचे नाव, दामिनी महादेवराव भुयार.

तिला दवाखान्यातलं पांढरं छत आठवलं. त्या दिवसांतलं तिला फारसं काही आठवत नव्हतं, आणि आता ती त्या न आठवणाऱ्या दिवसांनाच घाबरली. बारा मेला आपण वाचलो, हे आपल्याला कोणी सांगितलं? किशोरनं. बाबांचंही त्यानंच सांगितलं. तिनं मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली. नाडी पळत होती. तरीही ती टेबलाला घट्ट धरून बसून राहिली, पुंजाजींची सायकल फाटकात वाजेपर्यंत.

पुंजाजी काळा चष्मा लावून आले. डॉक्टरांनी आणखी दोन दिवस घरी बसायला सांगितलं होतं, पण घरी सुनेची टीव्ही सिरियल सोसवेना, असं त्यांचं म्हणणं. दामिनीनं रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं.

"पुंजाजी, हे जिवंत माणसायचे नावं काहून लिवले तुमी?"

"मंग कोणाचे लिवू?"

"मेलेल्याचे!"

म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवले. "नाई बाप्पा. अस्थी पान्यात पडेपर्यंत मेलेल्याचं नाव घ्याचं नाई, लिवाचं नाई. आमच्या घरची रीत हाय, माह्या बापापासून. नाव घेतलं का थो मांगं वळून पायते, मंग त्याले जाता येत नाई. म्हणून जो न्याले येणार, त्याचं नाव लिवतो म्या. ज्याची वाट पाहून राहिले, त्याचं."

म्हणजे तीनशे ओळींमध्ये एकही मेलेला माणूस नव्हता. ती सगळी वाट पाहिली जाणाऱ्यांची नावं होती. आणि एकसष्ट जिवंत माणसं बेवारस मृत म्हणून ती पेपरात छापायला देणार होती! तिला हसू येणार होतं, पण ते वाटेतच विरलं.

"दोनशे सतरा," ती म्हणाली. "थे कोणाचं हाय?"

पुंजाजींनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं. "दामिनी... हा. ध्यानात हाय मले. ॲम्बुलन्सवाल्यानं आणलं व्हतं, घरचं कोणीच नाई. म्हातारा कंडक्टर व्हता म्हणे. मराच्या आंधी त्यानं नर्सपासून लिवून घेतलं व्हतं, माई पोरगी बिमार हाय, बरी झाली का येईन, तिच्याच हाती द्या. दुसऱ्या कोणाचं नाव लिवू नका म्हणे. म्या फोन केला, बंद. ट्रस्टी दरसाली म्हणत, सोडून देऊ हे सगळे. म्या म्हणो, थांबा, येईन थे." मग ते थबकले. ऑफिसात सगळे तिला भुयार मॅडम म्हणत, आणि पुंजाजी नुसतं बाई. "तुमचं नाव काय हाय, बाई?"

तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी कमरेची किल्ली सोडली.

दामिनीनं किशोरला फोन लावला. "कौंडण्यपूरले गेला व्हता तू?"

पलीकडे तो रडायला लागला. "फाटकापर्यंत आलतो, ताई. आत जायची हिंमत झाली नाई. थे प्लास्टिकचे कपडे घातलेले लोक पाहून मांगंच फिरलो. तू तिकडं ऑक्सिजनवर. तुले काय सांगू मी?"

चार वर्षं! तिला त्याला खूप बोलायचं होतं, चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण त्या क्षणी तिला रागापेक्षा दुसरंच काहीतरी इतकं भरून आलं होतं, की ती फक्त म्हणाली, "मी नेते त्याहिले," आणि फोन बंद केला.

खोलीत ती पहिल्यांदाच गेली. तिच्या खुर्चीमागच्या भिंतीलाच फळी लागून होती, आणि त्या फळीवर, बरोब्बर तिच्या पाठीच्या उंचीवर, दोनशे सतरा. आठ महिने. ती गाडगं छातीशी धरून तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. पुंजाजी दाराशी पाठ करून उभे राहिले.

शुक्रवारी रामराव आले आणि आपल्या आईला घेऊन गेले. करिश्माला तिनं पुन्हा फोन केला, माफी मागितली. त्याआधी सर्व्हरला एका ओळीचा हुकूम देऊन 'मृताचे नाव' हा रकाना तिनं बदलला होता. आता तिथं 'कोणाची वाट' असं दिसत होतं. नंतर दोनशे सतराच्या ओळीत, 'नेलं'च्या रकान्यात, तिनं त्या दिवसाची तारीख भरली. सर्व्हरनं उत्तर दिलं, एक ओळ बदलली.

दुपारी ती कौंडण्यपूरच्या एसटीत बसली. बाबांना खिडकीची जागा आवडायची. उभ्या जन्मात त्यांना ती मिळाली नव्हती. गाडगं तिनं खिडकीच्या बाजूला ठेवलं, पदरानं झाकलं.

"दोन कौंडण्यपूर," ती म्हणाली.

तरुण कंडक्टरनं शेजारच्या सीटकडे पाहिलं. "दुसरं कोणाचं, ताई?"

नाव ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. अजून पाणी लागायचं होतं.

"आहेत सोबत," ती म्हणाली. "तिकीट फाडा. त्यांना विनातिकीट चालत नाही."