माणसाला बाहेर येता येत नाही

“पुन्हा टाक त्याला आत.”

“तिसऱ्यांदा, ताई. हा मरतही नाही, सुटतही नाही,” सशा म्हणाला आणि त्याने पडद्यावरच्या शिपायाला पुन्हा एकदा कोरड्या विहिरीत ढकललं. शिपाई तळाशी उभा राहिला. उडी मारली, कड हाताला लागली नाही. पुन्हा उडी. पुन्हा तळ.

विहीर पाणचक्कीच्या मागे होती. खेळात तिचं काहीच काम नव्हतं, चित्रकारांनी शोभेला काढलेली. पण जिथं काम नाही तिथं लोक आधी जातात, हे ताईला एकोणीस वर्षांत कळलं होतं. एवढी वर्षं तिचं काम एकच: व्हिडिओ गेम बाजारात यायच्या आधी त्यातल्या भिंती तपासायच्या. शिपाई असो, राजकन्या असो की बेडूक, त्याला डाव्या खांद्याने भिंतीला चिकटवायचं आणि गावभर फिरवायचं. कुठे तो भिंतीतून आरपार गेला, कुठे अडकला, तर रिपोर्ट लिहायचा. ऑफिसात तिला भिंतवाली ताई म्हणत. सशा तिच्या हाताखालचा. पुढे दोन मोठे दात, घरी दोन महिन्यांची जुळी.

रिपोर्टचा नमुना ठरलेला होता.

कृती: शिपायाला विहिरीत उतरवा.
अपेक्षित: बाहेर येता यावं.
प्रत्यक्ष:

इथे सशाने कीबोर्डवर पंजा ठेवला.

“थांबा. यंत्राला ही सापडलेली नाहीये.”

तीन महिन्यांपासून भिंती यंत्रही तपासत होतं. यंत्र म्हणजे खोलीत दिसण्यासारखं काही नव्हतं. एक प्रोग्राम होता, तो ताईच्याच जुन्या खेळी बघून शिकला होता आणि जेवायला न थांबता भिंती घासत होता. यंत्राची चाचणी संपायला नऊ दिवस उरले होते. त्याच्या हातून मोठं काही निसटलं नाही, तर भिंती तपासणाऱ्या चौघांची टोळी बंद. साहेबाने हे आधीच सांगून टाकलं होतं, वाईट वाटल्यासारखा चेहरा करून.

ताईने यंत्राची नोंद उघडली. ते विहिरीत पडलं होतं, दोनशे सहा वेळा. आणि दर वेळी बाहेर आलं होतं, सेकंदाला तीसदा उडीचं बटण दाबत, सरडा चढावा तसं कोपऱ्याच्या दगडावरून. माणसाच्या बोटाला ते जमणं शक्य नाही. यंत्राला ती विहीर खोल वाटलीच नव्हती.

“आणि खेळ आपोआप सेव्ह कधी होतो?” ताईने विचारलं.

“पडल्या पडल्या.”

“म्हणजे तीस तास खेळलेला माणूस आत पडला की परत उघडलं तरी विहिरीतच. गेलं सगळं. पहिल्यापासून सुरू.”

“जाऊ दे ना. ताई, ऐका माझं. गेम बाहेर जाऊ दे. लोक बोंब मारतील, मग साहेब नाक घासत येईल आपल्याकडे. तुम्ही आत्ता लिहिलंत तर? तुमचा प्रत्येक रिपोर्ट यंत्रालाच शिकवायला जातो. फुकटची शिकवणी. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा.”

यात खोटं काही नव्हतं. ताईने रिपोर्ट अर्धाच ठेवला.

कृती: घरी नवऱ्याला सांगा.
अपेक्षित: काही तरी सुचवेल.
प्रत्यक्ष: नवरा सुतार. करवतीला धार लावत होता. सगळं ऐकेपर्यंत त्याचा हात थांबला नाही.

“विहीर खोटीच ना?”

“खोटीच.”

“मग मरतंय कोण?”

“कुणी नाही.”

“मग तुझा घास का अडलाय?”

ताट खरंच तसंच होतं. ती म्हणाली, “समज, तू एक दार बसवलंस. ते आतून उघडत नाही हे तुझ्या लक्षात आलं. सांगशील ना?”

“मालकानं त्याच दिवशी काढून टाकलं असेल तर?”

“तरी.”

नवऱ्याने करवतीच्या दातांवर अंगठा फिरवला. “शिव्या देईन. मग सांगेन.”

ताईला शिव्या फारशा येत नसत.

सकाळी तिने उरलेलं लिहिलं. प्रत्यक्ष: माणसाला बाहेर येता येत नाही. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. विहीर बुजली असती आणि यंत्राची चूक कशात आहे ते कुणाला कळलं नसतं. पण खाली ‘इतर’ नावाचा चौकोन होता. एकोणीस वर्षांत तिने तो कधी रिकामा सोडला नव्हता. सवय. किंवा सवय नसेल, दुसरं काही असेल. त्यासाठी रिपोर्टमध्ये चौकोन नाही. तिने लिहिलं: यंत्राचं बटण माणसाच्या बोटाइतकं हळू करा आणि सगळं गाव पुन्हा तपासा.

दोन दिवस सशाने डबा खिडकीकडे तोंड करून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी साहेब आला. ताईपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण खांद्यावर हात ठेवायचा. “ताई, मानलं तुम्हाला. हळू केल्यावर त्यानं एका दिवसात आणखी अकरा जागा काढल्या. चाचणी वेळेआधीच पास झाली. अभिनंदन…” आणि मग त्याने जीभ चावली. हिशेबाचे कागद शुक्रवारी मिळतील, असं बोलून तो गेला.

“अकरा,” सशा म्हणाला. दोन दिवसांतला पहिला शब्द.

“हो.”

“तुम्ही एक दाखवलीत, त्यानं अकरा काढल्या.”

“आपल्याला दिसल्या होत्या त्या?”

सशाने खुर्ची फिरवली, परत फिरवली. “हे जुळ्यांना सांगू मी?”

“सांग,” ताई म्हणाली. “माझं नाव घेऊन सांग.”

त्यावर त्याला हसू आलं, ते त्याला आवडलं नाही.

शुक्रवार. बाराही जागा दुरुस्त झाल्या होत्या. ती दुरुस्तीही यंत्रच तपासणार होतं. ताईला काही काम नव्हतं, म्हणून तिने शिपायाला घेतलं आणि एकेका जागेत उतरवलं. विहीर, धान्याची कणगी, घंटेचा मनोरा. सगळीकडून तो वर आला. चूक न सापडल्याचा रिपोर्ट लिहीत नाहीत, त्यामुळे तिने कुठेच काही लिहिलं नाही.

शेवटची जागा बाजारातलं गटार. शिपाई त्यात उतरला तेवढ्यात कंप्युटर न्यायला माणूस आला. हातात ट्रॉली.

“एक मिनिट,” ताई म्हणाली.

“बाई, वायर काढली की सगळं पुसलंच जाणार आहे.”

“माहीत आहे.”

पहिली उडी हुकली. दुसरीत बोटं कडेला लागून सुटली. माणूस ट्रॉलीला टेकून पडद्याकडे बघत राहिला. तिसऱ्या उडीत शिपायाने कड पकडली, कोपर टेकलं आणि तो वर आला.

ताईने त्याला चार पावलं चालवून रस्त्याच्या कडेला उभं केलं. त्याची धाप कमी होईपर्यंत ती थांबली. मग तिने बटणांवरचे हात उचलले आणि खुर्ची मागे घेतली.

“न्या,” ती म्हणाली.