‘नाही’वर लावलेला बाण

शिलाई कारखान्यात मी शेवटच्या टेबलावर चेकिंगला बसते. शर्ट उलटा करायचा, शिवण ओढून बघायची, टाका सुटलाय तिथे लाल बाणाचं चिमुकलं स्टिकर लावायचं आणि परत पाठवायचा. माझ्याआधी दोन टेबलं आहेत. पहिल्या टेबलावर ओकेची चिठ्ठी लागली की दुसरं टेबल शर्ट उलटत नाही. चिठ्ठी बघतं आणि पुढे ढकलतं. घाईच्या दिवशी मीही तेच केलंय. आता कशाला लपवू? एकदा लपवलं, त्याचीच ही गोष्ट.

साथ आली तेव्हापासून दर सोमवारी आम्हाला दारात एक कागद भरून द्यावा लागतो. घरात कुणाला ताप, खोकला? हो लिहिलं की त्या घरातले सगळे कामगार दोन आठवडे बाहेर. दीड महिन्यापूर्वी नवऱ्याला तीन दिवस ताप होता, साबण नाकाशी धरला तरी वास येत नव्हता. तो कटिंगला, मी चेकिंगला. दोघांनी ‘नाही’ लिहिलं. आमची बटण तेव्हा एक दिवस शिंकली आणि दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या उड्या मारायला पळाली. बटण म्हणजे आमची मुलगी, वय नऊ. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून बटण.

गेल्या गुरुवारी तिला ताप चढला. औषधानं उतरायचा आणि दोन तासांत परत हजर. मग पोटदुखी, उलट्या. शनिवारी कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सनं विचारलं, दोन महिन्यांत घरात कुणाला साथीचा ताप? तिच्याकडचे कागद ऑफिसात जातात हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी ‘नाही’ म्हटलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही, तिला सवय झाली होती. नर्सनं लिहून घेतलं आणि पोट दुखतंय म्हणून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथे तो कागद फाइलला सगळ्यात वर टाचला गेला. मग जो आला त्यानं तो बघून पुढच्या कागदावर उतरवला. केस पेपरवर ‘नाही’, वॉर्डच्या कागदावर ‘नाही’, ऑपरेशनच्या कागदावर ‘नाही’. सर्जन म्हणाले, अपेंडिक्स वाटतंय, सोमवारी सकाळी उघडून बघू. शर्ट उसवायचा असला तरी मी इतक्या सहज बोलत नाही.

रविवारी दुपारी मुलांच्या विभागातली एक तरुण डॉक्टरीण शेजारच्या खाटेवर आली होती. जाता जाता बटणकडे बघून थबकली. डोळे लाल कधीपासून, तिनं विचारलं. मग फाइल चाळली आणि स्वतःशीच म्हणाली, “संसर्ग झालेला नाही असं लिहिलंय. झाला असता तर मी वेगळा विचार केला असता.” आणि गेली. तिची तरी काय चूक? चिठ्ठी ओकेची होती.

मी पडदा ओढला आणि पोरीला टाळूपासून तळव्यापर्यंत तपासली. डोळे लाल, पण चिपड नाही. ओठ फाटलेले. तळहात सुजलेले. पाठीवर पुरळ, काल नव्हतं. एवढे फॉल्ट, आणि माल ओके.

मी वॉर्डातल्या नर्सला जाऊन सांगितलं की तिच्या बापाला ताप होता. ती म्हणाली, काल नाही म्हणालात, आज हो म्हणता, आईलोक घाबरले की असंच करतात. सर्जनच्या मदतनीसाला सांगितलं, तर तो म्हणाला, सगळीकडे नाही लिहिलंय, आता आयत्या वेळी गोंधळ नको. ज्या खोट्यावर साऱ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, ते खोडायला मला कुणी दोन मिनिटं देईना. त्या डॉक्टरणीला निरोप ठेवला, तोही कुठल्या टेबलावर पडून राहिला कोण जाणे.

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा, पुरुषाचं ऐकतील. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “अगं, कापतील, बरी होईल. आता हे उकरून काढलंस तर दोघांचंही काम जाईल.”

“आणि ही गेली तर?”

तो पाणी आणायला गेला. बाटली भरलेलीच होती.

सोमवारी सकाळी ट्रॉली आली. मी पर्स उपडी केली. कामावरचा स्टिकरचा रोल तिच्या तळाशी होता. फाइल मांडीवर घेतली आणि जिथे जिथे ‘नाही’ होतं तिथे तिथे लाल बाण लावला. चार कागद, चार बाण. पहिल्यावर पेनानं लिहिलं: हे खोटं आहे, ते मीच सांगितलं होतं; बापाला दीड महिन्यापूर्वी ताप होता. खाली सही. मग एक बाण बटणच्या सुजलेल्या तळहाताला लावला.

ती कसनुशी हसली. “आई, मी फॉल्टी आहे? मला परत पाठवणार?”

“दुरुस्त करून आणणार.”

सर्जन आले, फाइल बघून भडकले. सरकारी कागद आहे, पोरखेळ नाही, वगैरे. मी ट्रॉलीचा दांडा सोडला नाही. म्हटलं, “मी तुमच्याशी खोटं बोलले, काय ती शिक्षा द्या. पण हिला एकदा उलटून बघा.” त्यांनी सही वाचली, बाण बघितले, तळहात बघितला. मग मुलांच्या विभागाला फोन लावला.

पुढचं भराभर झालं. रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली. डॉक्टरणीनं सांगितलं, बापाबरोबर हिलाही संसर्ग झाला होता, तो कधीच गेलाय, पण त्याच्याशी लढायला उठलेलं शरीर अजून शांत झालेलं नाही, त्यामुळे आत सगळीकडे सूज आहे. पोटातली सूज म्हणून पोट दुखतंय. हृदयालाही सूज आहे, ते कमी जोरानं चालतंय. भुलीचं ओझं त्याला झेपलं असतं की नाही, सांगता येत नाही. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

शिरेतून औषध चढलं, स्टेरॉइड सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तो परत आला नाही. हृदयाची पुन्हा तपासणी झाली, आधीपेक्षा बरं आहे. कारखान्यातून फोन आला, दोघांनाही ऑफिसात बोलावलंय. नवरा माझ्याशी बोलत नाही, पण पोरीचे पाय चेपत बसतो.

आज तिला साध्या वॉर्डात हलवलं. नवीन नर्स, नवीन छापील कागद. मी वाचला. पूर्वीचा संसर्ग: नाही. कॉम्प्युटरनं सगळ्यात पहिल्या कागदावरून उचललंय म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली. नर्स म्हणाली, ते आता बदलता येत नाही.

मी रोल काढला. बटणनं खाटेवरून हात पुढे केला. सूज उतरल्यामुळे बोटं परत तिची दिसत होती.

“मला दे, मी लावते.”

तिनं वाकडाच लावला, पण बरोबर जागेवर.