खालची फळी

नदी पंपहाउसच्या पायऱ्या चढू लागली आणि आमची खालची फळी सापडेना.

दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा आहेत. पूर आला की त्यांत एकावर एक फळ्या सरकवायच्या आणि पाणी बाहेरच अडवायचं. पूर्वी असे पूर फक्त म्हाताऱ्यांच्या गप्पांत यायचे. आता पाऊस एकदा कोसळायला लागला की थांबायचं नाव घेत नाही, आणि नदी वर्षा-दोन वर्षांनी आमच्या दारात हजर. सगळ्यांत खालच्या फळीला जाड रबर लावलेलं असतं. ते जमिनीवर घट्ट बसलं तरच बाकीच्या फळ्यांचा उपयोग.

शहराच्या पाण्याची मला काळजी नव्हती असं नाही, पण खरं सांगते, डोळ्यांसमोर फक्त ताई होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. दिवसाआड तिला इस्पितळात डायलिसिसच्या मशीनला जोडतात, आणि त्या मशीनला भरपूर पाणी लागतं. आत्ताही ती तिथेच पडलेली होती. आमचे पंप थांबले की इस्पितळाची टाकी किती वेळ पुरणार?

"साहेब, फळी गेली कुठे?" मी जवळजवळ ओरडलेच. इंजिनियरसाहेब गोदामातून धुळीने माखून बाहेर आले आणि त्यांनी नुसते हात पसरले.

आमच्या फिटरला सगळे 'सावकाश' म्हणतात. चहात साखर ढवळायलाही त्याला मुहूर्त लागतो.

"जरा बसून विचार करू," म्हणत तो नेहमीच्या बाकावर टेकला. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो ताडकन उठला. त्याची इतकी चपळाई मी कधी पाहिली नव्हती.

"अहो बाई, हीच ती!"

रंगाचे दोन रिकामे डबे आणि त्यांवर आडवी टाकलेली फळी, असा आमचा बाक. बसायला मऊ लागावं म्हणून रबराची बाजू वर. गेल्या पुरानंतर आम्ही तिघं रोज त्यावर बसून डबे खात होतो, आणि वर पुन्हा पूर आला तर काय करायचं याच्या गप्पाही मारत होतो. हसावं की रडावं कळेना.

फळी बसवली, वर बाकीच्याही चढवल्या. पण आमच्या बसण्याने रबर पार चपटं झालेलं. खालून पाणी येऊ लागलं. साहेबांनी रेनकोट काढला, मी स्वेटर, सावकाशने शर्ट. सगळं त्या फटीत कोंबलं. तिथे ताकद लावताना रबर एका टोकाला फाटलंच. मग बादल्या घेतल्या आणि पाणी बाहेर फेकत सुटलो. तरी आतलं पाणी मोटरच्या चौथऱ्यापर्यंत आलं.

"पंप बंद करू या," साहेब म्हणाले. "मोटर भिजली तर महिनाभर कोणालाच पाणी नाही."

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला ते ऐकवेना.

"साहेब, ताई मशीनवर आहे हो."

"माहीत आहे मला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "चौथऱ्याच्या काठापर्यंत थांबतो. त्यापुढे एक क्षणही नाही."

मी त्या काठाकडे बघत बादल्या उपसल्या. हातांना गोळे आले, सावकाश धापा टाकत शिव्या देत होता, कोणाला ते त्यालाच ठाऊक. पाणी काठाला टेकायच्या बेतात होतं तेव्हा बाहेरची नदी थांबली. मग हळूहळू आतलंही उतरू लागलं. पंप चालूच राहिले.

साहेबांनी लगेच नव्या रबरासाठी फोन केला. आठवडा तरी लागेल म्हणाले. वरच्या धरणातून मात्र उद्यापासून आणखी पाणी सोडणार होते.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"झालं गं माझं. आज मशीन एकदाही अडलं नाही. तू जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले. पोटात कण नव्हता.

"धरणाचं ऐकलंस ना? मग परवा काय करू? इस्पितळात जाऊ की नको?"

फाटक्या रबराचा तुकडा माझ्या हातातच होता.

"जा की. पाणी असेल."

"बरं," ताई म्हणाली. लहानपणापासून माझं खोटं तिला लगेच कळतं. "आणि आता खरंच जेवून घे."