बोटभर कड

बाइंडरबाईंनी कटिंग मशीनचा दांडा ओढला, पातं खाली आलं आणि कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्यांचा गठ्ठा पलीकडे पडला. तिने सवयीने तो उचलला, टोपलीकडे हात नेला आणि हात तिथेच राहिला. वरच्या पट्टीवर पेन्सिलीची बारीक अक्षरं होती.

तीस वर्षांत तिने एक वहीसुद्धा वाकडी कापली नव्हती आणि आज एका मेलेल्या माणसाचे शब्द कापले होते.

पुस्तक एका विधवा बाईंचं होतं. घशाच्या ऑपरेशननंतर नवऱ्याचा आवाज गेला आणि शेवटचे आठ महिने तो जे काही बोलला, ते पाच वह्यांमध्ये लिहूनच. लेकीला ते सगळं एकत्र हवं होतं. लेक बाळाला घेऊन पहिल्यांदाच माहेरी येणार होती, त्याआधी पुस्तक तयार व्हायला हवं होतं. कडा मळल्या होत्या, म्हणून शिलाई झाल्यावर बाइंडरबाईंनी नेहमीसारखी बोटभर कड कापली. पानं वाचायची नाहीत, हा तिचा धंद्यातला नियम. तोच नेमका नडला.

नशीब एवढंच, की कतरणी क्रमाने पडल्या होत्या. तिने त्यांच्यावर वजन ठेवलं, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पातळ खळ शिजवायला घेतली. एकेका पानाला त्याची कतरण लावायची, मागून तलम कागद चिकटवायचा, वाळू द्यायचं. तीन दिवस मान वर केली नाही. जोडताना वाचावंच लागलं. पानावर सगळ्यांसाठीचं होतं: पाणी दे, पंखा बंद कर, आज डॉक्टर माझ्यापेक्षा आजारी दिसतोय. कडेला, पान आडवं धरून लिहिलेलं, ते फक्त बायकोसाठी.

लेकीला बोलव.

फोन केलास का?

आज तरी कर.

वाचून बाइंडरबाईंना रडू आलं. लेकीला केवढं बरं वाटेल, असंही वाटलं.

बाई पुस्तक न्यायला आल्या, तेव्हा तिने आधी चूक कबूल केली. कडा कापल्या गेल्या, पण एकही अक्षर गेलेलं नाही, सगळं परत जोडलंय, असं सांगत तिने पान उघडून दाखवलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या स्टुलावर बसल्या.

"कापलं होतंत ना?" त्या म्हणाल्या. "मग परत का जोडलंत?"

बाइंडरबाईंना काही कळेना.

"अजून दोन बाइंडरांना विचारून आले होते मी. ते म्हणाले, कडा न कापता बांधू. तुमच्या कपाटातली पुस्तकं बघितली, सगळ्यांच्या कडा गुळगुळीत. म्हणून तुमच्याकडे दिलं. मी फाडल्या असत्या तर लेकीने विचारलं असतं. बाइंडरने कापलं की कोणी विचारत नाही."

मग त्यांनी कारण सांगितलं. लेकीला तेव्हा सातवा महिना होता. आधीचं एक गेलं होतं. एवढा लांबचा प्रवास झेपला नसता. ती रोज विचारायची, येऊ का? आणि या रोज सांगायच्या, बाबाच नको म्हणतायत.

आपण काय करून बसलो, ते बाइंडरबाईंना आत्ता कळत होतं. तिने मशीनकडे पाहिलं. दांडा एकदा ओढायचा, बस.

"परत कापून देते," ती हळूच म्हणाली.

बाईंनी पुस्तक मांडीवर घेतलं. जोडावरून अंगठा फिरवला. एक पान उलटलं, मग दुसरं. तिसऱ्यावर त्या बराच वेळ थांबल्या. मग पुस्तक मिटून त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

"नको," त्या म्हणाल्या. "पण मी नाही नेत. माझ्या हाताने नाही देववणार. लेक उद्या येईल, तिलाच पाठवते."

"आणि मी तिला काय सांगू?"

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. वळल्या नाहीत.

"पान आडवं धरून वाच म्हणावं."